जत्रेपर्यंतची दाढ

गडचिरोलीत दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

“धुरपता, दोन्ही दाढा मार्कंड्याच्या जत्रेनंतर काढू न.”

“काऊन? ठणका मले लागून राह्यला, तुमाले नाई.”

“जत्रेत गुळाची टॉफी भेटते. तिळाची, खोबऱ्याची, शेंगदाण्याची.”

“तोंडात एक दात नाई, अन् टॉफी पाह्यजे!”

“म्हणून तं म्हणतो. दातानं फोडून कोण देईन मले?”

“औंदा खोबऱ्याची नरम घ्या. कोऱ्या चहासंगं तोंडात विरघळते.”

“मले शेंगदाण्याचीच पाह्यजे. संगं मुरमुरे.”

“लहान लेकरू हाय का तुमी?”

आतून हाक आली, “धुरपताबाई!”

“आली, आली. डॉक्टरबाई, ठणकते तेवढीच दाढ काढा. बाजूची हालते, पण तिले जत्रेपर्यंत राहू द्या.”