राखून ठेवलेला मनोरा

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई आणि तिची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी बसल्या होत्या. मुलीच्या मांडीवर परदेशातल्या एका शहराचा नकाशा होता आणि त्यातल्या उंच मनोऱ्यावर तिने बोट ठेवलं होतं.

"मनोरा शेवटच्या दिवशी ठेवू. तू तर तो शंभरदा पाहिला असशील."

"खालूनच. प्रयोगशाळेच्या खिडकीतून रोज दिसायचा."

"आणि वरून?"

"वर कधी गेलेच नाही गं."

"आई! दोन वर्षं शिकत होतीस ना तिथे? केलंस काय मग?"

"तुझे बाबा येणार होते. म्हटलं, दोघं मिळून चढू."

"मग?"

"उन्हाळ्यात येतो म्हणाले, मग हिवाळ्यात. तोवर माझं शिक्षण संपलं आणि मीच परत आले."

"आताही त्यांना सुट्टी नाहीच. म्हणजे मनोरा परत राखून ठेवायचा का त्यांच्यासाठी?"

"संध्याकाळी त्याचे दिवे लागले, की मी सूक्ष्मदर्शकावर कापड घालायचे आणि खोलीवर जायला निघायचे."

"आई, मी काय विचारतेय?"

"पहिल्याच दिवशी जाऊ. सामान टाकलं की लगेच."

"आणि बाबा?"

"आले कधी, तर मी दाखवीन त्यांना, वरून काय काय दिसतं ते."