दामूची सुई आणि तुमची माफी

देवळीकरहो, आणि वत्सलावहिनी,

ग्रंथालयाचं हे दालन आज पुरत नाही. व्हरांड्यात, पायऱ्यांवर माणसं उभी आहेत. दामोदर हयात असताना यातली बरीच माणसं त्याच्या दुकानाची पायरी चढत नव्हती. आज आलात. ठीक आहे.

मला बोलणं जड जातं आहे. रडू येतं म्हणून नाही, राग येतो म्हणून. मी वर्तमानपत्राचा वार्ताहर. मजकूर वेळेत पाठवायचा आणि डोकं थंड ठेवायचं, ही माझी आयुष्यभराची सवय. कालच चार शब्द लिहून आणले होते. ते खिशात आहेत, तिथेच राहतील. कारण माझ्या आधी अध्यक्षस्थानावरून मनोहरराव बोलले. ते म्हणाले, "माझ्या वडिलांच्या वेळी दामूभाऊच्या हातून जे झालं, त्याची मी त्याले कवाच माफी देल्ली."

माफी. हा शब्द दामोदरच्या पत्नीसमोर, या वत्सलावहिनींसमोर बोलला गेला आणि तुमच्या माना डोलल्या. मी इथून पाहत होतो.

तेव्हा आज मी त्या माफीबद्दलच बोलणार आहे.

बाहेरगावचे पाहुणे आले आहेत, त्यांच्यासाठी थोडं आधीपासून सांगतो. दामोदरचं बियाण्याचं दुकान होतं आणि त्याच्याकडे एक जुनी विलायती मोटारसायकल होती. लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेली, त्याच्या सासऱ्यांनी घेतलेली. त्या गाडीचं तेल सीटखालच्या एका टाकीत असतं. तिथून ते इंजिनात जातं, फिरून परत टाकीत येतं. गार असेल तर काकवीसारखं घट्ट. फार तापलं तर पाण्यासारखं पातळ, आणि पातळ तेल इंजिनाला सांभाळत नाही. लोखंडावर लोखंड घासतं आणि इंजिन जाम होतं. ही गाडी थंड मुलखात बनलेली. आपला मे महिना तिच्या देशात नसतो.

म्हणून दामोदरने बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भंगारातून बॉयलरचा एक तापमापक आणला. गोल तबकडी, आत सुई. तो टाकीच्या झाकणात बसवला. वहिनींच्या नखांच्या रंगाने तबकडीवर एक लाल रेघ ओढली. सुई रेघेला लागली की गाडी सावलीत उभी. सुई खाली आल्याशिवाय दामोदर हलणार नाही. मागे कोण बसलंय, त्याला किती घाई आहे, काही फरक पडत नसे.

तो फार चांगला सोबती होता असं मी म्हणणार नाही. पवनारला धाम नदीच्या पुलाजवळ त्याने मला इतक्या वेळा उन्हात ताटकळत ठेवलं आहे, की माझ्या बातम्यांच्या पाकिटाची नागपूरची गाडी चुकायची. मी त्याला शिव्या द्यायचो. तो तबकडीकडे बघत म्हणायचा, "देऊन घे. तुह्या शिव्यायनं तेल अजून तापत नाई." आणि वर मला त्या इंजिनाची शरीररचना समजावून सांगायचा. मी न विचारता. दर वेळी.

तुम्ही त्याची थट्टा करायचात. "दामूभाऊ, घोडीले ताप किती हाये?" जाम गावच्या चौकात एका चहावाल्याने भल्या मनाने तापलेल्या इंजिनावर गडवाभर पाणी ओतलं होतं. इंजिनाला हवा लागावी म्हणून भोवती असतात त्यातली लोखंडाची एक पाकळी तडकली. दामोदर त्याला म्हणाला, "बावा, तुले ताप आला तं तुह्या आंगावर बरफाची लादी टाकू का?" तो चहावाला हसला, दामोदरही हसला. तेव्हाची थट्टा अशी होती. तिच्यात विष नव्हतं.

विष नंतर आलं.

मे महिना होता. भरदुपारी मनोहररावांच्या वडिलांच्या छातीत कळ आली. वर्ध्याची बस नुकतीच गेली होती. गावातली जीप लग्नाला गेलेली. मनोहरराव धावत दामोदरकडे आले. दामोदरने दुकान उघडं टाकलं आणि गाडी काढली. पुढे दामोदर, मधे म्हातारबाबा, मागे त्यांना धरून मनोहरराव. म्हातारबाबांना हिसके सोसत नव्हते, म्हणून गाडी हळू, खालच्या गियरमध्ये. तीन माणसांचं ओझं, समोरून झळा. अशाने तेल भराभर तापतं. अर्ध्या रस्त्यात सुई रेघेच्या पार गेली.

दामोदर म्हणाला, "मनोहर, दहा मिनिटं थांबू. नाई तं हे मधात बसन."

मनोहरराव म्हणाले, "माहा बाप मरून राह्यला अन् तू सुई पाहून राह्यला?"

बापाची तशी अवस्था असताना कुणीही हेच म्हणेल. मीही म्हणालो असतो. याबद्दल माझी काही तक्रार नाही, मनोहरराव.

मग मनोहररावांनी शेजारच्या शेतातल्या बैलगाडीवरचं एक तागाचं बारदान ओढलं, विहिरीवर भिजवलं आणि गाडीला गुंडाळून सुतळीने आवळलं. टाकीवरून, इंजिनावरून. आपण उन्हाळ्यात माठाला गुंडाळतो तसं. आपल्या भागात जन्मलेल्या माणसाला हेच सुचणार. माठ गार होतो, मग इंजिन का नाही?

टाकीला ओलं लागलं आणि सुई खाली आली. मनोहरराव म्हणाले, "पाह्य, उतरली. काढ आता." दामोदर म्हणाला, "टाकी गार झाली गा. इंजिनाचं पोट तसंच हाये. अन् हे बारदान वाळलं तं हवा बी लागू देनार नाई. सोड ते." मनोहररावांनी सोडू दिलं नाही. आणि दामोदरने, आयुष्यात एकदाच, इंजिनापेक्षा माणसाचं ऐकलं. तो निघाला.

झळांमध्ये बारदान वाळायला कितीसा वेळ लागतो? वाळलं आणि इंजिनाला गोधडी पांघरल्यासारखं झालं. थोडं अंतर गेलं आणि गाडी जाम झाली. चाक आवळलं. दामोदरने क्लच दाबला म्हणून तिघे पडले नाहीत.

हे मला कसं माहीत? मी वर्ध्याहून बसने देवळीला येत होतो. रस्त्याच्या कडेला हे तिघे दिसले, मी बस थांबवून उतरलो. ते बारदान मी माझ्या हातांनी सोडलं. कोरडं होतं आणि आतल्या बाजूने करपलं होतं. दामोदर म्हातारबाबांवर स्वतःच्या अंगाची सावली धरून बसला होता. आणि मनोहरराव, तुम्ही मला म्हणालात, "म्याच बांधलं रे. मले वाटलं माठावानी गार होईन." आत्ता सांगितलं ते सगळं बोलणं तुम्ही त्या वेळी स्वतःच मला सांगितलंत, रडत रडत. तुम्हाला आठवतं. माझ्याकडे न पाहिल्याने ते पुसलं जाणार नाही.

मग वर्ध्याकडे जाणारा एक ट्रक मिळाला. पण म्हातारबाबा वाटेतच गेले.

तेरवीच्या पंगतीत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "दामूनं गाडी थांबवून ठेवली. सुई पाहत बसला म्हने." मनोहरराव तिथे होते. ते गप्प राहिले. पुढच्या वर्षी ते स्वतःच सांगायला लागले. त्याच्या पुढच्या वर्षी गोष्टीत कडुनिंबाचं झाड आलं. नंतर त्या झाडाखाली दामोदर बिडी ओढू लागला. दामोदरने जन्मात बिडी ओढली नाही, देवळीकरहो, आणि हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी कुणी विचारलं नाही, काऊन बावा, बिडी कुठून आली? गोष्ट चांगली होती. चालू दिली.

त्यानंतर त्याच्या मागे माझ्याशिवाय कुणी बसलं नाही. त्याच्या मुलीला, सुमनला बघायला आलेले पाहुणे वेशीवरच्या हॉटेलात चहा प्यायले, तिथे त्यांना ही गोष्ट मिळाली, आणि ते तिथूनच परत गेले. वहिनी दोन ताटं जास्तीची वाढून दाराकडे बघत बसल्या होत्या. हा चहा कुणी पाजला, तेही मला माहीत आहे. तो माणूस पायरीवर उभा आहे.

मी तेव्हा का बोललो नाही? मी बोलणार होतो, छापणार होतो. दामोदरने मला शपथ घातली. म्हणाला, "त्याचा बाप गेला गा. सोताले दोष देल्ला तं तो जगनार नाई. मले देऊ दे. मी हाओ तोवर बोलू नोको." मी त्याच्याशी भांडलो, तुझ्या पोरीचं काय म्हणून विचारलं. त्याने तबकडीवरची धूळ अंगठ्याने पुसली. मग म्हणाला, "तरी बी नोको."

मी शब्द पाळला. परवा सकाळी दामोदर दुकानात बसल्या जागी गेला आणि माझा शब्द तिथे संपला.

त्याचे चांगले गुण सांगा, असं मला संयोजकांनी कळवलं होतं. मी सांगणार नाही. ज्यांनी त्याचं नाव खराब केलं त्यांनी त्याच्या गुणांची यादी ऐकून हलक्या मनाने घरी जावं, ही सोय मी करून देणार नाही. आणि मनोहरराव, तुम्ही बारदान बांधलंत तो गुन्हा नव्हता. ती बापासाठी केलेली धडपड होती. पण गेली कित्येक वर्षं जे बोललात तो गुन्हा होता. आणि आज त्याच्या विधवेसमोर उभं राहून जी माफी दिलीत, ती चोरीचा माल दान करण्यासारखी होती. दामोदरने तुमचा दोष उचलला आणि तुम्ही त्यालाच माफ केलंत.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे आता मी तुम्हाला मौन पाळायला उभं राहायला सांगायचं आहे. मी सांगणार नाही. या प्रकरणात ज्यांनी बोलायला हवं होतं ते गप्प राहिले, मौन तेव्हाच भरपूर पाळून झालं आहे. आधी अध्यक्ष उठतील. वत्सलावहिनींकडे आणि सुमनकडे तोंड करून सांगतील, की बारदान कुणी बांधलं होतं. एक वाक्य पुरे. भाषण नको. मग आपण सगळे उभे राहू, आणि ती शांतता दामोदरची असेल.

मनोहरराव, माइक इथे ठेवतो आहे. आम्ही बसलो आहोत.