एका महिन्यात दोनदा

पौडच्या फाट्यावर मुळशीच्या एस.टी.ची वाट बघत बसलो होतो. पाठीमागच्या ओट्यावर मायलेकी होत्या. लेक सासरी निघाली होती, आई तिला गाडीत बसवून द्यायला आली होती.

"आई, गाडी आली तरी मी न्हाई चढायची."

"पुन्यांदा त्येच! मारतुया का तुला?"

"न्हाई."

"दारू पितुया?"

"न्हाई गं. पर मी नगं म्हनलं तरी ऐकत न्हाई. भातलावनीनं कंबर मोडलेली असती, तरी बी न्हाई."

"नवरा हाय तुजा. त्याला नगं म्हनत्यात व्हय?"

"तू कदी म्हनली न्हाईस?"

"हळू बोल. लोकं बसल्यात हितं."

"मग मी सांगितलं, कावळा शिवलाय. पडवीत जाऊन निजले. त्यो जवळ बी फिरकला न्हाई. लई झोपले बघ."

"खोटंच सांगितलंस?"

"व्हय. आन थोड्या दिसांनी पुन्यांदा सांगितलं. तर सासूनं धरलंच. एका म्हैन्यात दोनदा कसा शिवतुया म्हनं!"

"येडी का खुळी तू? असं दोनदा सांगत्यात व्हय?"

"मग काय करायचं?"

"एकदाच बसायचं. चवथ्या दिशी न्हायाचंच न्हाई. अजून हाय म्हनायचं. चूल करावी लागती म्हनून सासू वरडंल, वरडू दे."

"तुला गं कसं ठावं?"

वळणावर एस.टी.चा भोंगा वाजला.

"आई?"

"तुज्या बापाला अजून वाटतंय, मला धा दिस लागत्यात. ऊठ, बोचकं घे."