पार्वतीकाकींचा ग्लास

माझी नोकरी रटाळ आहे असं तुम्हाला वाटतं, कारण रबाळ्याच्या पार्वतीकाकी तुम्हाला भेटलेल्या नाहीत. कारखान्यांजवळच्या विहिरींची पातळी मोजायची आणि पाण्याचे नमुने लॅबमध्ये न्यायचे, हे माझं काम. काकींच्या विहिरीवर गेले, तर त्या सरळ झाकणावरच बसल्या.

"पानी खराब निंगाला तर विहीर बुजवाल ना तुमी?"

"नाही हो काकी, खराबी कुठून येते ते शोधून काढू."

बऱ्याच विनवण्यांनंतर उठल्या. पाणी खरंच खराब निघालं. शोधाशोध केली, तर बाजूच्या कारखान्याची सांडपाण्याची लाइन फुटलेली. ती बदलली, विहीर पुन्हा पुन्हा उपसली, आणि काही महिन्यांनी रिपोर्ट एकदम चांगला आला. मी आनंदाने सांगायला धावले.

"काकी, पाणी आता बिनधास्त प्या!"

काकींनी आत जाऊन त्याच पाण्याचे दोन ग्लास भरून आणले आणि एक माझ्यासमोर धरला.

"असू दे काकी, माझ्याकडे बाटली आहे," माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"रिपोट तुजाच हाय ना, बाय? मंग पी."

डोळे मिटून गटागट प्यायले. पाणी चक्क गोड लागलं. काकींचा ग्लास मात्र अजून भरलेलाच होता.

"तुम्ही पण घ्या ना, काकी."

"घेते ना. आदी तुला काय होतं का, ते बगू दे."