नवरीची भुवई

मी मूळची कराडकडची, गावाचं नाव सांगून उपयोग नाही, तुम्हाला ते नकाशात सापडायचं नाही. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे काय, वडील गेले, आई एका डॉक्टरीणबाईंकडे स्वयंपाकाला लागली, मग त्यांच्या जावेनं एसटी स्टँडासमोर पार्लर काढलं तिथं मला झाडायला ठेवलं. झाडता झाडता मी बघत राहायची. दोरा शिकले ती स्वतःच्या पोटरीवर, एक टोक दातात, दोन बोटांत पीळ, सर्रकन ओढायचं. पोटरीवरचे केस संपले की आईचा हात धरायचा. आई म्हणायची, अगं मला काय कोंबडी समजलीस का. पण हात बसला बघा. आज वीस-बावीस वर्षं झाली, दात बघा माझा, पुढच्या दाताला दोऱ्यानं खाच पडलीय.

इकडं अमेरिकेत, न्यू जर्सीत आलो ते वन्संच्या कृपेनं. वन्सं, म्हणजे माझी नणंद, इथं नर्स आहेत, त्यांनी भावासाठी कागद घातले ते बारा-तेरा वर्षांनी निघाले. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं, मी, आमचे हे आणि प्राजू, वन्संच्या बेसमेंटमध्ये उतरलो, आणि दोन महिन्यांत ते न्यूयॉर्कचे टॉवर पडले. मग काय सांगू तुम्हाला, कुणी दार वाजवलं तरी मी कागदांची पिशवी छातीशी धरायची. वन्सं म्हणायच्या, वहिनी, तुमचे कागद पक्के आहेत, कुणी काढत नाही तुम्हाला. मला पटायचं, पण पोटाला पटायचं नाही. वन्संचं मीठ खाल्लंय, ते मी कधी विसरणार नाही, पण त्यांच्या घरात मी कपबशीसुद्धा हळू ठेवायची.

आमचे हे आयसेलिनला ओक ट्री रोडवर मिठाईच्या दुकानात फरसाण तळायला लागले आणि मला तिथंच चार दुकानं सोडून हंसाबेनच्या पार्लरमध्ये खुर्ची मिळाली. हंसाबेननं पहिल्या दिवशी माझ्याकडून स्वतःच्या भुवया करून घेतल्या, आरशात बघितलं, म्हणाल्या, सुनंदाबेन, कल से आओ. एवढीच मुलाखत.

आता तो गाणारा पोरगा, एडविन, कसा आला ते सांगते. मारिसोल नावाची एक गिऱ्हाईक होती, पोर्तो रिकोची, पर्थ अँबॉयला राहायची. दोन हजार तीनमध्ये ती एकदा म्हणाली, माझ्या भाच्याच्या भुवया करशील का. तो गाणी म्हणतो, त्या गाण्यातल्या पोरांच्या भुवया अगदी रेखीव लागतात, न्हावी वस्तरा मारतो आणि त्याच्या तोंडभर पुरळ येतं. मी हंसाबेनकडं बघितलं. त्या म्हणाल्या, आदमी लोग नहीं चलेगा, लेडीज भाग जाएंगी. मग त्याच म्हणाल्या, सोमवारी पार्लर बंद असतं, तेव्हा आणू दे, मागच्या दारानं.

तर सोमवारी एडविन आला. पोस्टरवर त्याचं नाव दुसरंच असतं, मी एडविनच म्हणते. वीस-एकवीसचा, काटकुळा, दिवसभर गोडाऊनमध्ये खोकी उचलायचा आणि घरी कपड्यांच्या कपाटात माईक टांगून गाणी भरायचा, म्हणजे बाहेरचा आवाज नको म्हणून. मला डोन्या म्हणायचा, म्हणजे त्यांच्यात वयानं मोठ्या बाईला मानानं तसं म्हणतात. आता बघा, माझ्या तोंडात दोरा, मला बोलता येत नाही, त्यामुळं माझ्या खुर्चीत बसलेलं माणूस बोलत सुटतं. बायका नवऱ्याचं सांगतात, सासूचं सांगतात. हा गाणं म्हणायचा. डोळे मिटलेले, बोटांनी कातडी ताणून धरलेली आणि हळूच गुणगुणायचा, पायानं ठेका. तो ठेका ऐकून मी पहिल्यांदा दचकलेच, अहो, आमच्याकडं हलगी वाजते ना, तसाच, एक पाऊल अडखळल्यासारखा. त्या संगीताला रेगेटॉन म्हणतात हे मला नंतर प्राजूनं सांगितलं. अर्थ काय म्हणून मारिसोलला विचारलं तर ती लाल झाली, म्हणाली, डोन्या, अर्थ राहू दे, ठेका ऐक.

मला फार नवल वाटायचं. कपाटातलं गाणं कपाटाबाहेर कसं जातं, ते त्या दुकानातल्या सीडीत कोण नेऊन घालतं, हे मला कळायचंच नाही. मी दर वेळी विचारायची, एडविन, पुढं काय झालं. तो सांगायचा, डोन्या, शंभर सीडी स्वतः भरल्या, गाडीच्या डिकीतून विकल्या. डोन्या, एका क्लबमध्ये गायलो, लोक नाचले. डोन्या, रेडिओवर एकदा वाजलं, सकाळी, सगळे झोपलेले असताना.

दोन हजार चारचा उन्हाळा, लग्नाचा सीझन. शनिवार होता, सकाळपासून एक नवरी, तिच्या बहिणी, मैत्रिणी, आत्या, सगळ्यांना मी तीच कमान काढत होते, खालून घेत घेत वर उचलायची आणि शेपटी बारीक. तेवढ्यात एडविन मागच्या दारात. डोन्या, आजच, आत्ताच. एका म्युझिक कंपनीनं त्याला घेतलं होतं, दुपारी सीडीच्या कव्हरचा फोटो होता. हंसाबेन चिडल्या, पण म्हणाल्या, वॅक्सिंगच्या खोलीत बसवा, पाच मिनिट. मी बसवलं. तो गुणगुणायला लागला आणि माझे हात चालायला लागले. पुरुषाची भुवई खालून उचलायची नसते, कडेचं साफ करायचं आणि सरळ ठेवायची. हे मला झोपेत विचारा, मी सांगीन. पण हातांना कुणी सांगितलं नाही, ते सकाळपासून जे करत होते तेच करत गेले. पावडर पुसली आणि बघते तर त्या दाढीवाल्या पोराच्या तोंडावर नवरीच्या भुवया.

रिवाज असा असतो ताई, काम झालं की गिऱ्हाइकाच्या हातात आरसा द्यायचा. मी दिला नाही. दारात हंसाबेन उभ्या, पाच लेडीज बसलीय म्हणून. मनात आलं, आत्ता हा ओरडला तर माझी खुर्ची गेली, वन्संना काय तोंड दाखवू. आरसा माझ्या ॲप्रनच्या खिशात होता. तो उठला, घड्याळ बघितलं, मला मिठी मारली आणि पळाला.

मग आठ आठवडे तो आला नाही. मारिसोलही नाही. मी रोज देवापुढं उभी राहायची, म्हणायची, कपाटातून बाहेर आलेलं पोर मी परत कपाटात घातलं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, भुवईनं कुणाचं गाणं बंद पडत नाही, तू चहा टाक.

आणि एके दिवशी प्राजू सीडी घेऊन आली. आई, धिस इज युवर गाय, राइट. कव्हरवर त्याचं तोंड, एवढं मोठं, आणि त्या भुवया. खरं सांगू, वाईट दिसत नव्हत्या. आत्ताच कुणीतरी काहीतरी नवल सांगितलंय आणि हा ऐकतोय, असं तोंड दिसायचं. पोरी वेड्या झाल्या. पुढच्या वर्षी तर काय विचारता, बसवर तो, गाड्यांतून तो, आमच्या रस्त्यावर साड्यांच्या दुकानाबाहेर पोरं गाडी लावायची तिच्यातही तोच ठेका. हिंदी गाणी लावणारे देसी लोक पार्टीत हे लावायला लागले, समजत कुणालाच नव्हतं.

तो परत आला ना, सोमवारीच, मागच्या दारानंच. तो नुसता आडवा झाला आणि म्हणाला, सेम, डोन्या, तसंच. तीन वर्षं मी दर तीन आठवड्यांनी त्याला नवरीची भुवई काढत होते आणि मनात विचार, ह्याला माहीत आहे का, ह्याला आवडलीय का, का हा माझी थट्टा करतोय. दोरा तोंडात, विचारणार कशी. आणि दोरा काढला की धीर जायचा.

मग त्याच्यासारख्या भुवया मागायला पोरं येऊ लागली. हातात मासिकातलं चित्र. हंसाबेनना आदमी लोग एकदम चालायला लागले, वॅक्सिंगच्या खोलीत दुसरी खुर्ची आली, भिंतीवर त्याचा फोटो. नेवार्कपासून धटिंगण पोरं यायची, हातभर टॅटू आणि माझ्याकडून कराडच्या नवरीची कमान काढून घेऊन जायची. मी आणि प्राजू घरी पोट धरून हसायचो.

हसू थांबलं ते दोन हजार सातमध्ये. टीव्हीवर त्याची मुलाखत होती, इंग्रजीत, प्राजू मला सांगत होती. बाईनं विचारलं, ह्या भुवया कुठून आल्या. तो म्हणाला, न्यू जर्सीत एक इंडियन डोन्या आहे. माझ्या फोटोच्या दिवशी तिनं माझं तोंड बघितलं आणि माझ्या नशिबाला जी भुवई हवी होती ती काढली. तिला दिसतं. प्राजू म्हणाली, आई, यू आर लाइक अ गुरू. मी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या आठवड्यापासून लोक नशीब काढून घ्यायला यायला लागले. मी म्हणायची, मला काही दिसत नाही हो, तर म्हणायचे, बघा किती साधी आहे. हंसाबेन कानात म्हणायच्या, ना मत बोलो, सिर्फ हँसो. त्यांत एक बाई आली, माझ्याच वयाची, होंडुरासची, वृद्धांच्या केअर सेंटरमध्ये नोकरीसाठी मुलाखत होती, दोनदा नापास झालेली. छातीवर हात जोडून आडवी पडली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मी काढली भुवई. दहा दिवसांनी ती परत आली. नोकरी मिळाली नव्हती. भांडायला नाही आली ताई, ते बरं झालं असतं. ती मला विचारत होती, डोन्या, माझं काय चुकलं, मी डोळे उघडले होते का.

त्या दिवशी मी बेसिनपाशी जाऊन रडले. ठरवलं, सांगायचं. खुर्ची जाऊ दे, एडविन रागावू दे, पण ह्या बाईचं काही चुकलं नव्हतं.

मध्ये तो गाण्यांच्या दौऱ्यावर होता, परत आला तेव्हा दोन हजार आठ उजाडलं होतं. आता बाहेर मोठी काळी गाडी, दोन माणसं दाराशी. पुढच्या आठवड्यात टीव्हीवर कार्यक्रम होता. तो आडवा झाला, मी दोरा तोंडातून काढून ठेवला आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. म्हटलं, एडविन, मला काही दिसलं नव्हतं. मी त्या दिवशी दमले होते. सकाळपासून नवऱ्या करत होते, तुला नवरी केलं. मला कळलं होतं आणि मी तुला आरसा दिला नाही.

तो उठून बसला. म्हणाला, डोन्या, मी गाडीच्या आरशात बघितलं होतं, पार्किंगमध्येच. रडायला आलं होतं. आई म्हणाली, तुला कुणी मुलगी केलं. पण मी म्हटलं, ह्या बाईनं वर्षभरात एक केस चुकवला नाही, म्हणजे हिला काहीतरी माहीत असणार. म्हणून मान वर करून उभा राहिलो. मग म्हणाला, आणि तुला काहीच माहीत नव्हतं.

म्हटलं, काहीच नाही.

मेणाच्या हीटरचा लाल दिवा तेवढा चालू. मला वाटलं, आता हा जाणार. तर तो म्हणाला, सरळ होतील का. म्हटलं, खालचे केस यायला दोन महिने, आज फक्त वरून टोक उतरवता येईल. म्हणाला, उतरव. आणि परत आडवा होता होता म्हणतो, आता खरं बोलतेच आहेस तर सांग, गाणी तरी आवडतात का. मी म्हटलं, सीडीतली नाही. सीडीत इतका ढणढणाट असतो की त्यात तू सापडत नाहीस. तो इतका हसला, इतका हसला की बाहेरची दोन माणसं आत आली.

पुढच्या आठवड्यात टीव्हीवर त्याच्या भुवया जवळजवळ सरळ. मुलाखतवाल्या बाईनं विचारलंच. तो म्हणाला, ती डोन्या त्या दिवशी दमली होती. आरसा द्यायला घाबरली. चूक होती. सगळे हसले. नशीब तेवढ्या एका वाक्यात बंद झालं. पोरं यायची कमी झाली, मग थांबली. हंसाबेननी फोटो उतरवला आणि तीन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत, आता काढतात बहुतेक, असं मी रोज म्हणायची. मग लग्नांचा सीझन आला आणि एक दिवस पाच बायका रांगेत बघून त्याच ओरडल्या, सुनंदाबेन, जल्दी करो. होंडुरासच्या त्या बाईला मी मारिसोलकडून निरोप धाडला. ती आली, ऐकून घेतलं आणि भुवया करून गेली, नुसत्या भुवया.

एडविन आता मायामीला राहतो. तिकडं त्याला कुणीतरी दुसरं माणूस आहे भुवयांना. टीव्हीवर दिसला की मी पुढं सरकून बसते. त्या माणसाच्या हातून डावी भुवई जरा वर जाते हो, दोन केस, जास्त नाही. माझी बोटं मांडीवर आपोआप चालायला लागतात. प्राजू म्हणते, आई, स्टॉप इट. मी म्हणते, अगं बघ तरी, दोनच केस. कुठंही असेना पोर, सुखी असू दे.