पदावनतीविरुद्ध अपील

विषय: अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या आमच्या मराठी पोरांच्या फुटबॉल क्लबची खालच्या गटात झालेली रवानगी, सन २००६.

शेवटची मॅच हरून कप्तान निखिल म्हणाला, "काका, रेलिगेट झालो. आता पोरं क्लब सोडणार."

"म्हणजे पदावनती! कारणे दाखवा नोटीस आली होती?"

"काका, सगळ्या मॅच हरलो, यार!"

"ते कारण झालं. नोटीस कुठाय?"

तो गोंधळला. त्याला पाहून मीही गोंधळलो. तरी क्लब टिकावा म्हणून लीगला रीतसर अपील लिहिलं.

"बाबा, मेल करून टाकू?" आमच्या गोलकीपर चिरंजीवांनी विचारलं.

"थेट? अर्ज योग्य मार्गे जातो, कप्तानाच्या सहीने."

सहीसाठी फोन केला, तर निखिल वरच्या गटातल्या क्लबात रुजू झालेला. नवा कप्तान व्हायला कोणी तयार नाही.

अर्ज सहीसाठी प्रलंबित आहे.