तडतडलेली खेप

हॅलो? … हॅलो, ठेवू नका, नंबर चुकलेला नाही. ओराझबाय आजोबा ना? … हां. मी मांस भरलेल्या समशांच्या दुकानातून बोलतेय, बस स्टँडसमोरच्या. पावतीवर तुमचा नंबर होता. शोल्पान. आत ओव्हनवर असते मी.

नाही, तक्रार नाही हो. गरम पोचले, कळलं… आजोबा, ऐका ना. सगळ्यांचं खाणं थांबवा.

थांबवा म्हणजे हातातला समसा खाली ठेवायला सांगा. आत्ता. का ते मग सांगते.

… विष कशाला असेल? मांस ताजं आहे, सकाळचं. आजोबा, त्यात माझी अंगठी आहे.

अंगठी. बोटातली. चांदीची. … कुठल्या ते नाही माहीत. सातातल्या एकात.

मोठ्याने नाही बोलता येत, मॅनेजरबाई पलीकडेच आहेत. कोण कोण बसलंय तिथे? … व्याही? नव्या सुनेचे आईवडील? आणि आज पहिल्यांदाच आलेत… बाई गं.

हो, कळतं मला. पाहुण्याच्या हातातला घास काढायचा नसतो, माझ्या आईनेही तेच शिकवलंय. पण आज काढा. … लाज वाटते, मान्य. घशात अडकली तर काय कराल?

मग खोटं सांगा काहीतरी. मीठ जास्त पडलंय म्हणा. … हां, म्हणा, जा. मी आहे फोनवर.

…

ठेवले खाली? लहान कुणी आहे का घरात? … केवढा? … दीड वर्षाचा, थोरल्या मुलाचा. आजोबा, नातवाच्या हातात काय आहे बघा. … नुसतं 'खेळतोय' नका म्हणू, उठा आणि बघा.

घ्या काढून. रडू दे. … उरलेला तुकडा मोडा, बोटाने नीट चाचपा. … कांदा, चरबी. अजून? … काही नाही.

कसं म्हणजे… ओव्हनमुळे कळलं. सकाळी वळून, अर्धे भाजून ठेवतो आम्ही. गिऱ्हाईक आलं की नव्वद सेकंद त्या झटपट ओव्हनमध्ये. गरम वाऱ्याचा झोत आणि मायक्रोवेव्ह, दोन्ही एकदम. धातू गेला की तो तडतडतो. तुमची खेप तडतडली. मी ऐकलं, आजोबा. मला वाटलं, आत काही सांडलं असेल. बाहेर रांग लागलेली, बाई ओरडत होत्या. दिलं पुडक्यात भरून. मग हातमोजा काढला तर बोट रिकामं.

काढूनच ठेवायची असते. भिंतीवर लिहिलंय तसं. पण माझ्या सासूबाई सकाळी दारातच बोट बघतात. बोटात चांदी नसलेल्या बाईने कणकेला हात लावायचा नाही… तुमच्याकडेही तेच? मग बघा. रोज मोज्याखाली घालते मी. आज मोजा फाटला.

कोण खोकतंय?

आजोबा, कोण खोकतंय ते? … फोन कानालाच ठेवा, मी म्हणते ते सगळ्यांना सांगा. मांडीवर पालथा घ्या त्याला. डोकं खाली. पाठीवर थापट्या मारा, दोन खांद्यांच्या मधे. जोरात.

पाणी नका पाजू. घशात बोट घालू नका कुणी.

…

आजोबा?

…

कुणीतरी बोला ना. हॅलो?

…

थुंक रे बाळा. थुंक.

…

रडतोय? तोच ना तो? … हां, येतोय आवाज, येतोय. रडू द्या त्याला, गप्प नका करू. श्वास चाललाय म्हणजे. काय निघालं? … कांदा. नुसता कांदा?

नाही, रडत नाहीये मी. पिठाच्या पोत्यावर बसलेय. आजोबा, अंगठी अजून तिथेच आहे. मोजू या. दोन अख्खे उरलेत ना? मोडा. … काही नाही. बाळाचा झाला. तुमचा? दाताला काही लागलं? … व्याह्यांचा? … सूनबाईचा? तिने तोडून तोडून खाल्ला, बरं. मग उरला एकच.

विहीणबाई काय म्हणतात? … म्हणजे? बोलतच नाहीत? मघापासून एक अक्षर नाही?

त्यांना तोंड उघडायला सांगा. … तुम्हाला नाही जमत तर सुनेला पाठवा. आईच ना ती तिची. कानात विचारू दे.

…

काय म्हणाली? … गालात? पहिल्या घासापासून गालात धरून बसल्या होत्या? … तुमची मान खाली जाऊ नये म्हणून. अहो, बाळाला पालथा घेतला कुणी मग? … त्यांनीच? थापट्या त्यांनी मारल्या? गालात अंगठी ठेवून?

थांबा, आजोबा. डोळे पुसते जरा.

…

हं. बोला. … तुम्ही काय सांगितलंत सगळ्यांना? … भेट? विहिणीसाठी मुद्दाम समशात घालून आणली? अशी रीत कुणाकडे आहे हो? … आणि व्याही खूश झाले. … आणि त्यांनी घातली. बोटात.

बसली?

… नाही, काही नाही म्हणाले मी. द्या ना त्यांच्याकडे फोन. बाहेर पाठवा त्यांना, एकट्यांना.

विहीणबाई? मी शोल्पान. दात दुखावला का हो? … खरं सांगा. … तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, कणीक मळणाऱ्या बाईची आहे ते? … हो, कोरीवकामात पीठ बसलेलं असतं तिच्या, धुऊनही निघत नाही. माझीच ती.

नको. आत्ता काढू नका. तुम्ही काढलीत तर आजोबा कुठे बघतील? त्यांनी भेट म्हटलंय, भेटच ती. … पाठवू नका कुणाबरोबर. … सासूबाई? बघतील ना. आज दारात बोट बघतील आणि खूप बोलतील. बोलू दे. सांगेन जे झालं ते. तुम्ही दीड वर्षाच्या पोराला श्वास दिलात, माझी अंगठी काय घेऊन बसलात.

एक करा. आत जा आणि फोन बाळाच्या तोंडाशी धरा जरा. … बोलत नाही तर नाही बोलू दे, झोपेला आला असेल. नुसता धरा.

…

हो मॅनेजरबाई, ओव्हन मीच बंद केलाय. येते, सांगते सगळं. एक मिनिट थांबा, श्वास ऐकतेय.

…

हां. … ठेवते.